शंभर युआनची फुलं



बार्शीहून सातवीतल्या एका दोस्ताचं पत्र आलंय. अक्षर मोत्यासारखं, पण मजकूर मात्र चांगलाच झणझणीत! तो लिहितो, "मावशी, तुम्ही सारख्या कुठल्या कुठल्या गावाला जाऊन येता आणि आम्हाला गमतीजमती सांगता. पण पैसे किती लागले ते कधीच सांगत नाही. आमचे बाबा म्हणतात, फिरणं हे पैसेवाल्यांचं काम. खरं काय ते सांगा."

पत्र वाचलं आणि मी कान पकडले. खरंच की! डोंगर सांगितले, नद्या सांगितल्या, पण खर्चाची वही काही तुमच्यापुढे कधी उघडली नाही. म्हणून आज ती वहीच घेऊन बसले आहे. चला, आज चीनमधल्या एका शहरात हिंडू या. शहराचं नाव कुनमिंग. आणि हिंडायचं कुठे? तर बागांमधून आणि फुलांच्या बाजारातून.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर बार्शीकर दोस्त मला सोडायचा नाही. विमानाचं तिकीट स्वस्त नव्हतं, आणि ते मी माझ्या पैशांनी काढलंही नव्हतं. जानेवारी 2025 मध्ये मी कामासाठी तिकडे गेले होते. तेव्हा भारत आणि चीनमध्ये थेट विमानं नव्हती. 2020 साली बंद झालेली ती विमानं ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणून मी बँकॉकमार्गे गेले. काम संपलं आणि परतीच्या विमानाला दोन दिवस उरले. राहायची सोय होतीच. मग मी ठरवलं, या दोन दिवसांत खाणं, हिंडणं, खरेदी सगळं मिळून फक्त शंभर युआन खर्च करायचे.

तेव्हा एक युआन म्हणजे सुमारे 12 रुपये होते. म्हणजे शंभर युआनचे झाले साधारण 1200 रुपये. तिकडे आता भाजीवालासुद्धा मोबाइलवर पैसे घेतो, पण मी मुद्दाम रोख पैसे घेतले. नोट हातातून गेली की कळतं, गेली म्हणून!

आणि या नोटांची एक गंमत सांगू? चीनच्या प्रत्येक नोटेवर एक फूल असतं. एक युआनच्या नोटेवर ऑर्किड, पाचवर नर्गिस, दहावर गुलाब, वीसवर कमळ, पन्नासवर शेवंती आणि शंभरवर हिवाळ्यात फुलणारं प्लमचं फूल. मी शंभराची नोट मोडली आणि माझ्या पाकिटात छोटी बागच तयार झाली!

कळसूबाईपेक्षा उंच शहर

पहिल्या दिवशी सकाळी सातला उठले, खिडकी उघडली, तर बाहेर मिट्ट काळोख! घड्याळ बिघडलं की काय? नाही, घड्याळ बरोबर होतं. चीन एवढा अवाढव्य देश, पण सगळ्या देशात घड्याळ एकच. कुनमिंग आहे नैऋत्येला. त्यामुळे जानेवारीत तिथे सूर्य उगवतो आठच्या सुमाराला. आपल्या घड्याळात तेव्हा साडेपाच वाजलेले असतात.

आता नकाशाची वही काढा. कुनमिंग आणि आपलं प्रयागराज जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, 25 अंशांच्या आसपास. मग कुनमिंगला प्रयागराजसारखा कडक उन्हाळा का नाही? कारण आहे उंची. आपलं कळसूबाईचं शिखर 1646 मीटर उंच. कुनमिंग शहर मात्र सुमारे 1890 मीटरवर वसलंय! म्हणजे तिथली मुलं रोज शाळेला जातात ती कळसूबाईपेक्षाही उंचावर. म्हणून तिथे उन्हाळ्यात फार उकडत नाही. हिवाळ्यात रात्री चांगलाच गारठा असतो, पण दिवसा छान ऊन पडतं. चिनी लोक या गावाला 'वसंताचं शहर' म्हणतात. अशी हवा माणसांना आवडते, तशीच फुलांनाही आवडते.

पाचूचं तळं आणि बिनतिकिटाचा आनंद

शहराच्या अगदी मधोमध एक बाग आहे. तिचं नाव छुईहू. अर्थ सांगायचा तर 'पाचूसारखं हिरवं तळं'. तळ्यातून आडव्या-उभ्या वाटा काढल्या आहेत, काठाला पाण्यावर झुकलेली झाडं आहेत, छोटे पूल आहेत. उन्हाळ्यात तळ्यात कमळं फुलतात. आणि तिकीट? शून्य! दारावर कुणी अडवत नाही. आत शिरायचं आणि हिंडायचं.

तुम्हाला वाटेल, बाग म्हणजे काय, झाडं आणि बाकडी. पण तिथल्या बागेत सकाळी सकाळी अख्खं गाव जमतं हो! एका कोपऱ्यात आजीबाईंचा घोळका तालावर नाचत होता. पलीकडे एक आजोबा दोन तारांचं वाद्य वाजवत होते आणि त्यांच्याभोवती पंधरा-वीस जण मोठ्यानं गात होते. कुणी पत्ते कुटत होतं, कुणी संथपणे हात फिरवत व्यायाम करत होतं. एक आजी थर्मासमधून गरम पाणी पीत सगळ्यांवर देखरेख करत बसली होती, आपल्या वाड्यातल्या आजीसारखीच!

आणि पाण्यावर काय होतं माहीत आहे? कुरव! शेकडो पांढरे कुरव पक्षी. सायबेरियाच्या थंडीतून ते हिवाळ्यात इथे येतात. शहरात त्यांचे थवे पहिल्यांदा उतरले ते 1985 च्या हिवाळ्यात. तेव्हापासून दर वर्षी ते येतात. आपल्याकडे यांना 'काळ्या डोक्याचा कुरव' म्हणतात आणि हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावरही ते दिसतात. मात्र हिवाळ्यात त्यांचं डोकं काळं नसतंच! नुसता डोळ्यामागे एक काळा ठिपका उरतो. चिनी लोक जास्त हुशार, ते याला 'लाल चोचीचा कुरव' म्हणतात. चोच बाराही महिने लालच असते ना!

तिथे कुरवांसाठी पावाच्या छोट्या पिशव्या मिळतात. एक पिशवी घेतली, पाच युआन. तुकडा हवेत उडवला की कुरव तो वरच्या वर झेलतो. धोनीनंही टाळ्या वाजवाव्यात असा झेल!

बार्शीकरासाठी खास थांबा

बागेच्या शेजारीच एक मोठी पिवळी इमारत आहे. मध्ये भलंमोठं मैदान आणि चारी बाजूंनी दुमजली इमारत. ही 1909 साली सुरू झालेली युन्नानची जुनी सैनिकी शाळा. आता तिथे संग्रहालय आहे. तिथेही तिकीट नाही. पासपोर्ट दाखवला आणि आत गेले.

1909 मध्येच इथे एक तरुण शिकायला आला होता. घरची गरिबी. दुसऱ्या प्रांतातून कित्येक आठवडे पायी चालत तो कुनमिंगला पोचला. त्याचं नाव झू द. पुढे तो चीनचा मोठा सेनापती झाला. 1937 साली जपाननं चीनवर हल्ला केला, तेव्हा याच झू द यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिलं : आम्हाला डॉक्टर हवेत, औषधं हवीत. त्यानंतर 1938 मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनला निघाले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. डॉ. कोटणीस तिथेच राहिले, जखमी सैनिकांची सेवा करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी, तिथेच वारले.

डॉ. कोटणीस काम करत होते तो भाग कुनमिंगपासून खूप दूर, उत्तरेला आहे. पण ज्यांच्या पत्रामुळे ते निघाले, त्यांच्या शाळेच्या अंगणात मी उभी होते. आणि मला सोलापूर आठवत होतं. बार्शीच्या दोस्ता, सोलापुरात डॉ. कोटणिसांचं स्मारक आहे, ठाऊक आहे ना? तुझ्या घरापासून एसटीच्या तिकिटाएवढं लांब.

तांदळाच्या शेवया आणि गुलाबाची करंजी

भूक लागली. कुनमिंगला तांदळाच्या शेवया फार खातात. मोठ्या वाडग्यात गरमागरम रस्सा, त्यात लांबलचक शेवया आणि वर भाज्या. मांस नको असेल तर आधी सांगावं लागतं. मी मोबाइलवर चिनी भाषेत तसं लिहून दाखवलं. 15 युआनमध्ये पोट टम्म! चमच्यापेक्षा काड्यांनी खाण्यात वेळ जास्त जातो, हा आणखी एक फायदा. बसायला फुकट जागा मिळते!

मग घेतले दोन गुलाबाचे केक. 'केक' नुसतं नावाला, बरं का. आपल्या करंजीसारखं खुसखुशीत आवरण आणि आत गुलाबाच्या पाकळ्यांचं गोड सारण. गुलकंदाची करंजीच म्हणा ना! एक तीन युआनला.

इतकं होईस्तोवर दुपारचे तीन वाजले होते आणि माझे फक्त 26 युआन संपले होते. मी स्वतःवरच खूश झाले. आता हे खूश होणं पुढे कसं अंगाशी आलं, तेच सांगते.

उलटा लिलाव

मेट्रोत बसून मी दौनानला गेले. हे पूर्वी तळ्याकाठचं एक साधं खेडं होतं. इथले शेतकरी भाजी पिकवायचे. 1980 नंतरच्या दशकात कुणी कुणी भाजीच्या जागी फुलं लावून पाहिली. भाजीपेक्षा फुलांचे पैसे बरे मिळाले. मग शेजाऱ्यानं लावली, शेजाऱ्याच्या शेजाऱ्यानं लावली. आज दौनानचा फुलबाजार आशियातला सगळ्यात मोठा बाजार म्हणून ओळखला जातो.

इथे घाऊक फुलांचा लिलाव होतो आणि तोही उलटा! आपल्या बाजार समितीत लिलाव कसा चालतो? दहा, अकरा, बारा... भाव वर चढत जातो. इथे समोरच्या मोठ्या पडद्यावर भाव आधी चढा ठेवतात आणि तो भरभर खाली उतरत जातो. ज्याला माल हवा त्यानं समोरचं बटण दाबायचं. जो पहिला दाबेल, माल त्याचा. आता विचार करा : घाई केली तर जास्त पैसे मोजा. आणखी स्वस्त होऊ दे म्हणून थांबलात, तर शेजारचा बटण दाबून माल घेऊन जाणार! ही पद्धत मूळची हॉलंडची. कुनमिंगमध्ये ती 2002 साली सुरू झाली. फूल नाशिवंत असतं, त्याला वेळ नसतो. या पद्धतीत सौदा काही सेकंदांत संपतो.

लिलावाच्या शेजारी साधा बाजार आहे, तुमच्या-माझ्यासाठी. संध्याकाळी तो खरा फुलतो. आत पाऊल टाकलं आणि मी उभीच राहिले. गुलाबांचे ढीग, लिलीचे ढीग, शेवंतीचे ढीग! काही फुलं तर चक्क वजनावर. अर्थात दादरच्या नाहीतर पुण्याच्या फुलबाजारात झेंडू किलोनं घेणाऱ्यांना त्याचं काय नवल? पण इथे माणूस दोन्ही हातांत मावणार नाही इतकी फुलं घेऊन चालत होता. 29 जानेवारीला चिनी नवं वर्ष होतं ना! दिवाळीच्या आधीचा आपला बाजार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झालं.

तीन युआनची गोष्ट

एका गाळ्यावर वीस गुलाबांची गड्डी होती. आपल्या तळेगाव-मावळकडे प्लास्टिकच्या घरांत वाढवतात ना, तसेच लांब दांड्याचे. विकणारी बाई माझ्याच वयाची. शेजारी उलट्या टोपलीवर वही ठेवून तिचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा गृहपाठ करत होता. मी विचारलं, "दुओ शाओ छ्यान?" म्हणजे 'केवढ्याला?' तिनं कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून दाखवला : 15.

आता मी मराठी बाई. कोथिंबिरीबरोबर कढीपत्ता फुकट मागणारी! मी कॅल्क्युलेटर घेतला आणि दाबलं : 10. ती हसली. 13 दाबलं. मी मान हलवली, निघाल्यासारखं केलं, पुन्हा फिरले आणि 12 दाबलं. तिनं एकदा गुलाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि 'बरं' म्हणून मान डोलावली. मी कमळाची वीसची नोट दिली, गड्डी उचलली आणि लढाई जिंकल्यासारखी निघाले.

थोडी पुढे गेले असेन, तोच मागून आरडाओरडा ऐकू आला. वळून बघते तर तो मुलगा गर्दीतून वाट काढत धावत येतोय. आणि हाताचं काय केलंय? अंगठा आणि पहिलं बोट ताठ, बाकीची बोटं मिटलेली. चक्क पिस्तूल रोखलंय! मी घाबरलेच. काय चुकलं माझं?

तो जवळ आला, धापा टाकत पुन्हा तेच पिस्तूल दाखवलं आणि मग दुसरी मूठ उघडली. मुठीत एक पाचची नोट आणि तीन एकच्या नोटा. आठ युआन! मी उरलेले पैसे न घेताच निघाले होते. आणि ते पिस्तूल नव्हतं. चिनी लोक एका हातावर एक ते दहा आकडे दाखवतात. अंगठा आणि पहिलं बोट म्हणजे आठ! मला भाषा येत नाही म्हणून तो बिचारा बोटांनी सांगत होता, "तुमचे आठ राहिले, तुमचे आठ!"

दोस्तांनो, मला तेव्हा काय वाटलं सांगू? ज्यांच्याकडून मी तीन युआन ओढून घेतले होते, तेच मला आठ युआन परत द्यायला धावत आले होते.

मी त्याच्याबरोबर गाळ्यापाशी परत गेले. आता मी त्या बाईकडे नीट पाहिलं. मघाशी मी फक्त कॅल्क्युलेटर पाहिला होता. ती गुलाबाच्या दांड्यांवरचे काटे काढत होती. दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. मी तीन युआन पुढे केले. तिनं हसत माझा हात मागे सारला. सौदा झाला तो झाला! मुलगाही जोरजोरात मान हलवत होता.

मग मी जिप्सोफिलाची एक जुडी उचलली. तीच ती, बारीक पांढऱ्या फुलांची. आपले फुलवाले तिला 'जिप्सी' म्हणतात. तिनं 10 दाबलं. मी एकदाही मान न हलवता दहाची, गुलाबाची नोट दिली. तिनं जुडी कागदात बांधली आणि वर हिरव्या पानांची एक डहाळी टाकली. फुकट! न मागता मिळालेला कढीपत्ता.

मुलानं मघाची पाचची नोट माझ्या हातातून घेतली, तिच्यावरच्या नर्गिसावर बोट ठेवलं, मग समोरच्या गाळ्यावरच्या खऱ्या नर्गिसांकडे दाखवलं आणि म्हणाला, "श्वेईश्येन." मी म्हटलं, "नर्गिस." त्यानं मला तीनदा म्हणायला लावलं. बहुतेक माझा चिनी उच्चार त्याला नापास करण्याजोगा वाटला!

घासाघीस करणं पाप नाही. बाजारात सगळेच करतात, तिथेही करतात. पण माझ्या पाकिटात तेव्हा पुरेसे पैसे होते. मी तीन युआन वाचवले ते गरजेपोटी नाही, तर 'बघा, मी किती स्वस्तात फिरले' असं तुम्हाला सांगता यावं म्हणून! हे कबूल करायला मला लाज वाटते, पण बार्शीकरानं 'खरं सांगा' म्हटलंय ना!

पक्ष्यांचे आजोबा

रात्री तिखट मसाल्यातले तळलेले बटाटे खाल्ले, आठ युआनचे. गुलाब खोलीतल्या बेसिनमध्ये पाणी भरून ठेवले. सकाळी तोंड धुवायला जागाच नाही!

दुसऱ्या दिवशी सगळी फुलं घेऊन पुन्हा छुईहूला गेले. काल बागेत एक पुतळा पाहिला होता, एका म्हाताऱ्या माणसाचा. रात्री मी त्याची गोष्ट शोधून वाचली होती. त्यांचं नाव वू छिंगहंग. निवृत्त कामगार, एकटे राहायचे. घर शहराबाहेर. कुरव यायला लागले आणि आजोबांना त्यांचा लळा लागला. हिवाळ्यात रोज दहाहून अधिक किलोमीटर चालत ते या तळ्यावर यायचे. पेन्शन तुटपुंजी, महिन्याला सुमारे तीनशे युआन. त्यातली निम्म्याहून जास्त ते कुरवांच्या खाण्यावर खर्च करायचे. स्वतःचे कपडे जुने, जेवण साधं. कुरवांना त्यांनी नावंसुद्धा ठेवली होती! असं दहा वर्षं चाललं. 1995 मध्ये आजोबा वारले. त्यांची गोष्ट पुढे चीनमधल्या सहावीच्या पाठ्यपुस्तकात आली आणि त्यांचा पुतळा तळ्याकाठी उभा राहिला.

मी पुतळ्यापाशी बराच वेळ उभी होते. पै पै मीही वाचवली होती आणि आजोबांनीही. पण त्यांनी स्वतःच्या पोटाला चिमटा काढून दुसऱ्यासाठी वाचवली. काटकसर तिला म्हणतात. मी काल तीन युआन वाचवले ते दुसऱ्याच्या खिशातून. तिला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

एक गुलाब पुतळ्याच्या पायाशी ठेवला. बाकीचे एकोणीस वाटून टाकले. नाचणाऱ्या आजींना, दोन तारांचं वाद्य वाजवणाऱ्या आजोबांना, पत्ते खेळणाऱ्यांना. आधी त्यांना वाटलं मी विकतेय! मग कळल्यावर हशा पिकला. थर्मासवाल्या आजीनं तिचा गुलाब थर्मासच्या पिशवीत खोचला आणि मला बाजूला बसवून झाकणभर गरम पाणी दिलं. तिचं मला एक अक्षर कळलं नाही, माझं तिला कळलं नाही. पण आम्ही पाऊण तास गप्पा मारल्या!

दुपारी बसनं मोठ्या तळ्याकाठी, हाइगंगच्या बांधावर गेले. हे द्येनछी तळं म्हणजे जवळजवळ समुद्रच. पलीकडे डोंगर, आणि हवेत कुरवच कुरव. इथेही तिकीट नाही.

हिशेबाची वही

आता वही उघडते. बेरीज तपासून बघा हं!

पहिला दिवस : कुरवांचा पाव 5, शेवया 15, गुलाबाचे दोन केक 6, मेट्रो जाऊन-येऊन 10, गुलाब 12, जिप्सोफिला 10, बटाटे 8. एकूण 66 युआन.

दुसरा दिवस : सकाळी भाजलेलं रताळं 5, कुरवांचा पाव 5, शेवया 15, बस जाऊन-येऊन 4. एकूण 29 युआन.

छुईहू बाग, सैनिकी शाळा, आजोबांचा पुतळा, मोठं तळं : शून्य.

सगळे मिळून 95 युआन, म्हणजे सुमारे 1140 रुपये. उरले पाच. ती नर्गिसाची नोट आता माझ्या वहीत आहे, हिरव्या डहाळीच्या एका सुकलेल्या पानाशेजारी.

तर बार्शीच्या दोस्ता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं : कुनमिंगला जायला भरपूर पैसे लागतात. तिथे तुझ्या बाबांचं म्हणणं खरं आहे, त्यांच्याशी भांडू नकोस. पण पोचल्यावर कुनमिंग बघायला फारसे पैसे लागले नाहीत. लागलं काय, तर लवकर उठणं, पायी चालणं, चुकलं तर परत वळणं आणि अनोळखी माणसाकडे बघून आधी आपण हसणं. या गोष्टी बार्शीतही मिळतात.

म्हणून सगळ्यांना या आठवड्याचा गृहपाठ. रविवारी सकाळी आई-बाबांना घेऊन आपल्याच गावातल्या बागेत, तळ्यावर किंवा फुलबाजारात जा. खिशात फक्त वीस रुपये. काय पाहिलं, कोण भेटलं, किती पैसे उरले, ते मला लिहून पाठवा. आई-बाबांनो, तुम्हालाही सुट्टी नाही बरं का! फुलवालीशी घासाघीस करण्याआधी एकदा तिच्या हातांकडे बघा, एवढंच.

आणि हो, एका हातावर आठ कसे दाखवायचे ते आता तुम्हाला येतंय. उद्या शाळेत दाखवा. फक्त सरांवर रोखू नका!

तुमची,
भटकी मावशी